हाताला न कळणारी मोड

सेलूच्या आमच्या घरात आजोबांना मांडी घालून बसलेले मी कधी पाहिले नाही. पंगतीतही ते उजवा पाय लांब सोडून बसत. निजामी अमदानीच्या अखेरच्या वर्षांत ते बैलगाडीवरून पडले. हाडवैद्याने कामट्या लावून गुडघा बांधला. हाड जुळले, गुडघा मात्र पुन्हा वाकला नाही. ‘वैद्याचा हात चुकला,’ असे घरात म्हणत. या उपचाराचा इतिहास वाचल्यावर मला तसे म्हणवत नाही.

ती विद्या जुनी आणि अनुभवाची. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे 6 आणि हाड मोडण्याचे 12 प्रकार आहेत. वड, पिंपळ, उंबर यांच्या साली आणि बांबू यांनी मोड बांधावी, पाय मोडल्यास रुग्णाला फळीवर निजवून 5 खुंट्यांनी तो स्थिर करावा, असे तिथे सांगितले आहे. नडगी मधोमध मोडली तर ताणणे, सरळ करणे आणि बांधणे पुष्कळदा पुरते. गुडघ्याचे तसे नाही. नडगीचा माथा म्हणजे मांडीचे हाड जिथे टेकते ते पठार. जोराच्या आघाताने त्याचा तुकडा आत खचतो. त्याला ओढून धरणारा बंध नसल्याने पाय कितीही ताणला तरी तो वर येत नाही. बाहेरून दिसते ती फक्त सूज.

1895 मध्ये रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि हाड दिसू लागले. पण ती सावली होती. एका हाडाआड दुसरे लपे. 1971 मध्ये लंडनजवळ पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. 1979 मध्ये त्यासाठी हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी टोरांटोच्या जोसेफ शाट्झकर यांनी सहकाऱ्यांसह या पठाराच्या मोडीचे 6 प्रकार मांडले. पहिले तीन बाहेरच्या बाजूचे, चौथा आतल्या बाजूचा, पाचवा दोन्ही बाजूंचा आणि सहाव्यात माथाच नडगीपासून सुटलेला. आज सर्जन ती वर्गवारी आणि स्कॅन शेजारी ठेवून बेत आखतात. सूज फार असेल तर आधी बाहेरून सळ्यांची चौकट लावून थांबतात. मग खचलेला तुकडा खालून उचलतात, पोकळीत हाडाचा चुरा भरतात, पट्टी-स्क्रूने आधार देतात आणि गुडघा लवकर हलवायला लावतात. 1958 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एकत्र आलेल्या अस्थिशल्यविशारदांचा आग्रह हाच होता: हाड पक्के बसवा, सांधा बांधून ठेवू नका. आजोबांचा गुडघा खचण्याने जितका गेला, तितकाच बांधून ठेवण्याने गेला असावा.

तरीही पहिली तपासणी आजही हाताचीच. गुडघ्यामागच्या रोहिणीला इजा झाली तर काही तासांतच पाय धोक्यात येतो. म्हणून स्कॅनआधी पावलाची नाडी चाचपतात.

आजोबा पडले तेव्हा क्ष-किरणांना जवळपास पन्नास वर्षे झाली होती. सेलूहून रेल्वे होती; पण औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 मध्ये निघाले. वैद्याच्या हाताने जे हाताला कळते ते ओळखले. जे हाताला कळणारच नव्हते, ते दाखवणारे यंत्र आमच्या गावापासून फार लांब होते.