बाळाच्या आयुष्याचा हिशेब : जन्मकाळातील टाळता येणारी इजा आणि नुकसानभरपाईचा भारतीय इतिहास



एखादे यंत्र बिघडले तर नुकसान काढणे आपल्याला जमते. खरेदीची किंमत, वापरलेली वर्षे, घसारा, दुरुस्तीचा खर्च हे मांडले की आकडा मिळतो. आता दुसरे उदाहरण घेऊ. प्रसूतीच्या वेळी किंवा नंतरच्या काही दिवसांत रुग्णालयाच्या हलगर्जीपणामुळे बाळाला कायमचे अपंगत्व आले. या बाळाने अजून एक रुपयाही कमावलेला नाही. ते पुढे कोण झाले असते हे कोणालाच सांगता येणार नाही. मग त्याची भरपाई किती, आणि ती कशाच्या आधारावर ठरवायची?

आपल्या न्यायालयांना या प्रश्नाचे उत्तर शोधायला जवळजवळ अर्धे शतक लागले. या काळात हिशेबाचा पायाच बदलला. आधी विचारले जाई, ‘काय गेले?’ हळूहळू प्रश्न झाला, ‘या मुलाला आयुष्यभर काय लागेल?’ हा बदल कसा घडला, हे या पाठात पाहायचे आहे.

१. इजा आणि चूक यांतला फरक

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. प्रसूती अवघड असू शकते. सगळी काळजी घेऊनही बाळाला इजा होऊ शकते. प्रत्येक इजा म्हणजे चूक नव्हे. कायद्याने भरपाई मिळण्यासाठी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. डॉक्टरवर किंवा रुग्णालयावर काळजी घेण्याची जबाबदारी होती. त्या काळच्या वैद्यकीय ज्ञानानुसार जेवढी काळजी अपेक्षित होती तेवढी घेतली गेली नाही. आणि इजा त्याच कारणाने झाली.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल, तर तो प्रसूतीच्या वेळी कमी पडला की त्याआधी गर्भातच काही घडले होते, यावर तज्ज्ञांचे मतभेद होतात. बाळाचे ठोके किती वाजता मोजले, कळा कशा चालल्या होत्या, सिझेरियनचा निर्णय कधी झाला, या नोंदींवर सगळा खटला उभा राहतो किंवा कोसळतो.

२. सुरुवातीचा काळ : पुणे आणि औरंगाबाद

स्वतंत्र भारतातील वैद्यकीय हलगर्जीपणाचा पायाभूत मानला जाणारा निकाल महाराष्ट्रातील आहे. १९५३ साली मांडीचे हाड मोडलेल्या एका तरुणाला पुण्यातील रुग्णालयात आणले गेले आणि उपचारांदरम्यान त्याचा मृत्यू झाला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची जबाबदारी तीन टप्प्यांत मांडली: रुग्ण स्वीकारायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करायचा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना. आजही वकील हा निकाल वाचून दाखवतात. भरपाई होती ३,००० रुपये.

दुसरे प्रकरण तेव्हाच्या औरंगाबादचे, आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. जुलै १९६३ मध्ये तेथील सरकारी रुग्णालयात एक स्त्री प्रसूत झाली. नंतर तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि कापडाचा बोळा पोटातच राहिला. त्याच महिन्यात ती गेली. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा मंजूर केले १९९६ साली.

मधली वर्षे मोजा. तेहेतीस! आईविना वाढलेले बाळ तोवर स्वतः संसाराला लागण्याच्या वयाचे झाले होते.

तरीही या निकालाचे महत्त्व मोठे आहे. सरकारी रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम कार्य नाही, त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी सरकारला टाळता येणार नाही, हे तत्त्व त्यात ठामपणे आले. आपल्या देशातील असंख्य प्रसूती सरकारी रुग्णालयांत होतात, हे लक्षात घेतले की या तत्त्वाचे वजन कळते.

३. ग्राहक कायद्याने उघडलेले दार

दिवाणी दावा म्हणजे वकील, कोर्ट फी आणि वर्षानुवर्षांच्या तारखा. सामान्य कुटुंबाला हा मार्ग परवडत नसे. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. पण रुग्ण हा ग्राहक आहे का? डॉक्टरांच्या संघटनेचे म्हणणे होते, नाही. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याखाली येते. जिथे काही रुग्णांकडून पैसे घेतले जातात आणि काहींना मोफत उपचार मिळतात, तिथे मोफत उपचार घेणाराही ग्राहकच. मात्र जिथे सर्वांनाच सर्व सेवा मोफत आहे, ती रुग्णालये या कायद्याबाहेर राहिली.

मुलांच्या दृष्टीने पुढचा टप्पा १९९८ सालचा. दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलमध्ये टायफॉइडच्या उपचारासाठी दाखल केलेल्या एका मुलाच्या मेंदूला इंजेक्शनच्या चुकीमुळे कायमची इजा झाली. राष्ट्रीय आयोगाने मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना त्यांच्या मानसिक यातनांसाठी स्वतंत्र पाच लाख रुपये दिले. रुग्णालयाचा आक्षेप होता की ग्राहक एकच, तो म्हणजे मूल. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मूल सेवेचा लाभ घेणारे म्हणून ग्राहक, आणि सेवा ठरवून पैसे देणारे म्हणून आईवडीलही ग्राहक. मुलाच्या अपंगत्वाचा भार घरातील इतरांवरही पडतो, हे कायद्याने अशा रीतीने मान्य केले.

४. ‘काय लागेल’ हा प्रश्न

रस्ते अपघातांच्या दाव्यांत गुणक पद्धत वापरतात. वार्षिक उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. कमावत्या माणसासाठी ही पद्धत ठीक. पण ज्याचे उत्पन्नच शून्य, त्याचे काय? शून्याला कशानेही गुणा!

२००९ साली हैदराबादच्या निम्स संस्थेविरुद्धच्या निकालात वेगळा मार्ग दिसला. हे प्रकरण बाळाचे नव्हते. १९९० साली शस्त्रक्रियेनंतर कमरेखाली लुळा पडलेला तरुण तेव्हा तुमच्यासारखाच अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता, वय वीस वर्षे. न्यायालयाने गरजांची यादी केली. शुश्रूषेसाठी दरमहा ४,००० रुपये याप्रमाणे ३० वर्षांचे १४ लाख ४० हजार. फिजिओथेरपीसाठी दरमहा ३,००० याप्रमाणे १० लाख ८० हजार. अशा बाबी जोडत एकूण रक्कम एक कोटीवर गेली. इथे उत्पन्नाबरोबर रोजच्या गरजाही हिशेबात आल्या.

५. चेन्नईचे बाळ

आता या पाठाच्या मुख्य प्रकरणाकडे येऊ. ३० ऑगस्ट १९९६ रोजी चेन्नईतील एग्मोरच्या सरकारी रुग्णालयात एका मुलीचा जन्म झाला. गर्भाचा २९ वा आठवडा, वजन १,२५० ग्रॅम. तिला पेटीत ठेवले, प्राणवायू दिला आणि २३ सप्टेंबरला घरी पाठवले. जीव वाचला, पण दृष्टी गेली.

कारण समजून घ्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातील पडद्याच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. जन्मानंतर त्या वेड्यावाकड्या वाढू लागल्या, तर पडदा ओढला जाऊन सुटतो. या आजाराला रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, थोडक्यात आरओपी म्हणतात. अमेरिकेतील डॉक्टर थिओडोर टेरी यांनी १९४२ साली त्याचे वर्णन केले आणि पन्नाशीच्या दशकात जास्त प्राणवायूशी असलेला त्याचा संबंध उघड झाला. बाळ तीन-चार आठवड्यांचे असताना नेत्रतज्ज्ञाने पडदा तपासला, तर वेळेवर उपचार करून अनेकदा दृष्टी वाचवता येते.

म्हणजे १९९६ साली हे ज्ञान नवे नव्हते. तारखाही पाहा. रुग्णालयातून सोडताना बाळ २४ दिवसांचे होते. तपासणीची वेळ नेमकी हीच. पण तपासणी झाली नाही आणि डोळे तपासून घ्या असे आईवडिलांना कोणी सांगितलेही नाही. डिस्चार्जच्या कागदावर या धोक्याचा उल्लेख नव्हता. त्या कागदावर एक ओळ असती, तर कदाचित हा खटलाच उभा राहिला नसता.

राष्ट्रीय आयोगाने २००९ साली पाच लाख रुपये मंजूर केले. वडील सर्वोच्च न्यायालयात गेले. १ जुलै २०१५ रोजी न्यायमूर्ती जगदीश सिंह खेहर आणि मूळचे नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांच्या खंडपीठाने निकाल दिला. झालेल्या खर्चापोटी ४२,८७,९२१ रुपये आणि पुढील उपचारांसाठी १ कोटी ३८ लाख रुपये. या १ कोटी ३८ लाखांपैकी १ कोटी ३० लाखांचा भार राज्य सरकार आणि रुग्णालयावर, आठ लाखांचा दोन डॉक्टरांवर. मुलगी तोवर अठरा वर्षांची झाली होती.

६. निकालपत्रातील सूत्र

या निकालात तुमच्या ओळखीचे एक सूत्र आहे, चक्रवाढीचे. भावी मूल्य = वर्तमान मूल्य × (१ + दर)^वर्षे. पैशाची किंमत महागाईने घटते, म्हणून आजच्या खर्चावर पुढची ५१ वर्षे महागाई धरावी, असे न्यायालयाने ठरवले. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांनुसार १९९०-९१ ते २०१४-१५ या काळात महागाईची सरासरी ६.७६ टक्के होती. न्यायालयाने मात्र सावधपणे १ टक्का दर घेतला.

वहीवर आकडे मांडून पाहा. १ टक्का दराने ५१ वर्षांचा गुणक येतो सुमारे १.६६. त्यामुळे सुमारे ८३ लाखांचे १ कोटी ३८ लाख झाले. २ टक्के धरले असते, तर गुणक सुमारे २.७५ आणि रक्कम सव्वादोन कोटींच्या वर. ६.७६ टक्के धरले असते, तर गुणक सुमारे २८ आणि रक्कम तेवीस कोटींच्या घरात!

मग न्यायालयाने अन्याय केला का? घाई करू नका. भरपाई एकरकमी मिळते आणि बँकेत ठेवली की तिच्यावर व्याज मिळते. शिवाय सगळा खर्च ५१ व्या वर्षी होत नाही, तो दरवर्षी थोडा थोडा होतो. म्हणून खरा प्रश्न व्याजदर आणि महागाई यांच्यातील फरकाचा आहे. वैद्यकीय खर्च व्याजापेक्षा वेगाने वाढला, तर पैसे मुलाच्या आयुष्याआधी संपतील. सूत्रातील एका दरावर माणसाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांची सोय अवलंबून असते. आणि त्या वर्षांत आईवडील सोबत नसतात. भरपाईचे मोल तेव्हाच सर्वांत जास्त असते.

७. कागद आणि मुदत

कायदा कितीही पुढे गेला, तरी कुटुंबाची पहिली लढाई कागदांची असते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. अंतर्रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. पुरेसे कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो.

आता बाळाचा विचार करा. मेंदूची इजा पहिल्या दिवशी दिसत नाही. मूल मान धरत नाही, बसत नाही, बोलत नाही, हे कळायला एक-दोन वर्षे जातात. घरचे म्हणतात, ‘काही मुलं उशिरा चालतात.’ नातेवाईक नवस सुचवतात. निदान होईपर्यंत केसपेपर नष्ट होण्याची वेळ जवळ आलेली असते. दिवाणी दाव्याच्या बाबतीत १९६३ चा मुदत कायदा अज्ञान मुलाला सवलत देतो, सज्ञान होईपर्यंत त्याची मुदत धावू लागत नाही. पण हक्क टिकला तरी पुरावा टिकेलच असे नाही.

८. आजची स्थिती

२०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवांच्या यादीत आरोग्यसेवेचा वेगळा उल्लेख नाही. म्हणून डॉक्टर त्यातून सुटले, असा युक्तिवाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो नाकारला. तक्रार कोणत्या आयोगाकडे न्यायची, हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, रुग्णालयाला दिलेल्या रकमेवर ठरते. ही रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. म्हणजे कोट्यवधींचा दावाही आता घराजवळच्या जिल्हा आयोगात मांडता येतो.

तरी दोन उणिवा उरतातच. चूक सिद्ध झाली तरच भरपाई मिळते. तोवर मुलाचा खर्च थांबत नाही. आणि निकालाला लागणारा काळ. चेन्नईच्या बाळाला दृष्टी देणे कोणत्याही न्यायालयाच्या हाती नव्हते. पण लहानपणी लागणारी मदत अठराव्या वर्षी देणे, ही उणीव मात्र माणसांनी बनवलेल्या व्यवस्थेची आहे, आणि म्हणून ती दुरुस्त होऊ शकते.

विचारासाठी प्रश्न

१. भरपाई एकरकमी द्यावी की दरवर्षी महागाईनुसार वाढणारी रक्कम आयुष्यभर द्यावी? दोन्ही पद्धतींत धोका कोणावर येतो?

२. व्याज ७ टक्के आणि वैद्यकीय खर्चातील वाढ ८ टक्के धरा. आज वर्षाला १,६०,००० रुपये खर्च असेल, तर ८३ लाख रुपये किती वर्षे पुरतील? वाढ १० टक्के असेल तर?

३. मुलाची काळजी घेण्यासाठी आईने नोकरी सोडली. तिच्या श्रमाची किंमत हिशेबात कशी धरावी?

४. नवजात बाळांच्या नोंदी तीन वर्षांऐवजी किती वर्षे जपाव्यात असे तुम्हाला वाटते, आणि का?