अजमेरची दोन पत्रे

‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा मराठी माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो आनंदीबाईंनी पत्रातले एक अक्षर बदलल्यामुळे, असे आपण ऐकत आलो. या कथेला भक्कम समकालीन पुरावा नाही. मात्र पत्राच्या कपटाने इतिहासाला वळण दिल्याचे दुसरे एक उदाहरण आहे आणि त्याचा धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो.

जानेवारी १६८१. शाहजादा अकबर राजपुतांच्या बळावर स्वतःस बादशहा म्हणवून अजमेरजवळ बापासमोर ठाकला होता. औरंगजेबाजवळ फौज तोकडी. त्याने लेखणी उचलली. अकबराचा मुख्य साथीदार तहव्वुरखान याला सासऱ्याकरवी पत्र गेले: परत ये, नाहीतर तुझ्या बायकामुलांची विटंबना होईल. खान रात्रीच बादशाही छावणीत गेला आणि तिथे मारला गेला. दुसरे पत्र अकबराच्या नावे, पण राजपुतांच्याच हाती पडेल असे धाडलेले. राजपुतांना बेमालूम सापळ्यात आणल्याबद्दल त्यात अकबराची पाठ थोपटली होती.

दुर्गादास राठोड भोळा नव्हता. खातरजमेसाठी तो अकबराच्या तंबूकडे गेला. शाहजादा झोपला आहे, उठवता येणार नाही, असे उत्तर मिळाले. तहव्वुरखानाचा शोध घेतला, तर तो शत्रूकडे गेलेला. तेवढ्यावरून पत्र खरे ठरले आणि राजपूत रातोरात निघून गेले. पुढे सत्य कळल्यावर दुर्गादासानेच अकबराला संभाजी महाराजांच्या आश्रयास आणले. पाठोपाठ औरंगजेब दक्षिणेत उतरला, तो १७०७ साली इथेच मेला.

आज आखाडा बाळापुरात हळद विकून घरी परतलेल्या शेतकऱ्याला बँकेच्या नावाने ई-पत्र येते: खाते आज रात्री बंद होईल, खालच्या दुव्यावर माहिती भरा. भीती तहव्वुरखानाच्या पत्रातली, घाईही तीच. बँकेचे बोधचिन्ह हुबेहूब असते. पण चिन्ह म्हणजे शिक्का नव्हे. शिवकालीन पत्राच्या शेवटी मोर्तब असे, मागाहून कोणी ओळ घुसडू नये म्हणून. ई-पत्राला अशी सीमा दिसत नाही. म्हणून पाठवणाऱ्याच्या नावावर न जाता त्याचा पूर्ण पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा; अनोळखी जोडपत्र उघडू नये; ओटीपी कोणालाही सांगू नये. खातरजमा करायची ती पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर पासबुकावरच्या क्रमांकावर किंवा शाखेत जाऊन. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० वर कळवावे.

दुर्गादासाने विचारायला जाण्यात चूक केली नाही. उत्तर मिळाले नाही, यालाच त्याने उत्तर मानले, ही त्याची चूक. रात्री बँक बंद असते, हे फसवणाऱ्यालाही ठाऊक असते. अशा वेळी सकाळपर्यंत थांबणे हीच खरी खबरदारी. अजमेरला त्या रात्री कोणी सकाळची वाट पाहिली नाही.