छायाचित्रांचा स्वामित्वहक्क, संकेतस्थळांवरील

संकेतस्थळावर परवानगीविना वापरलेल्या छायाचित्राबाबत हक्कधारकास मिळणारे कायदेशीर संरक्षण. आधार स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ (पहा : बौद्धिक संपदा). हक्क छायाचित्र काढताच निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. मुदत छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, काम देणारा असतो. लग्नाच्या छायाचित्रांत ही बाब कळीची ठरते. एकट्या व्यावसायिकासाठी कलम ६२ सर्वांत मोलाचे : पुण्यात राहणारा छायाचित्रकार परगावच्या संकेतस्थळाविरुद्धही शिवाजीनगर येथील जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास (कलम ६३) सामान्यतः ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होतो.