उपासनेंतील वाद्यें : एक जुना वाद

ख्रिस्ती उपासनेंत वाद्यें असावींत कीं नसावींत, हा प्रश्न आपणांपैकीं पुष्कळांस विचित्र वाटेल. टाळमृदंगावांचून भजन ही कल्पनाच आपणांस करवत नाहीं. परंतु ह्याच प्रश्नावरून स्कॉटलंडांत पिढ्यान्‌पिढ्या वाद माजला, आणि त्याच्या मुळाशीं केवळ हट्ट नव्हता.

जुन्या करारांतील स्तोत्रांत वीणा, डफ व झांजा ह्यांनीं ईश्वराचें स्तवन करण्यास सांगितलें आहे. नव्या करारांत प्रेषितांनीं मंडळ्यांस गाण्याचा उपदेश केला; वाजविण्याचा केला नाहीं. चौथ्या शतकांतील योहान क्रिसोस्टोमसारखे धर्माचार्य वाद्यांस प्रतिकूल होते, कारण नाटकशाळा व मेजवान्या ह्यांचा वास त्यांस लागलेला होता. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत आजहि बहुधा निव्वळ कंठानेंच उपासना होते. पश्चिमेकडे ऑर्गन प्रसिद्धीस आला तोहि राजदरबारांतून. इ. स. ७५७ मध्यें बायझंटाईन सम्राटानें फ्रँक राजा पेपिन ह्यास तो नजर केला होता. मंदिरांत त्याची प्रतिष्ठा झाली ती मागाहून.

सोळाव्या शतकांत धर्मसुधारणा झाली, तेव्हां सुधारकांतच दुमत पडलें. ल्यूथर संगीताचा मोठा भोक्ता होता. झ्युरिकचा झ्विंग्ली स्वतः कुशल वादक होता, तरी तेथील मुख्य मंदिरांतला ऑर्गन १५२७ सालीं काढून टाकण्यांत आला. कॅल्व्हिनच्या अनुयायांचा दंडक असा कीं, उपासनेंत ईश्वरानें जें सांगितलें तेवढेंच करावें. हा दंडक स्कॉटलंडनें उचलला.

तेथें ‘प्रीसेंटर’ नांवाचा पुढारी गायक स्तोत्राची एकेक ओळ म्हणे व सर्व मंडळी ती त्याच्यामागून गाई. ज्याला अक्षरओळख नाहीं अशा विणकराचा आणि कोळ्याचाहि त्यांत वांटा असे. उपासना ही बसून ऐकावयाची गोष्ट नसून स्वतः करावयाची गोष्ट आहे, हें तत्त्व ह्या रीतीनें राखलें. पण काळांतरानें चाली थोड्या उरल्या, गाणें फार मंद झालें, आणि ज्याचा त्याचा सूर निराळा लागूं लागला. गायन सुधारावें म्हणूनच कित्येकांस वाद्याची आवश्यकता भासली.

१८०७ सालीं ग्लासगोच्या सेंट अँड्र्यूज मंदिरांत उपासनेच्या वेळीं ऑर्गन वाजला. धर्मपंचायतीनें तो बंद करविला. १८६३ सालीं एडिंबरोच्या ओल्ड ग्रेफ्रायर्स मंदिरांत डॉ. रॉबर्ट ली ह्यांनीं हार्मोनियम आणिला, व १८६५ मध्यें ऑर्गन. पुढें १८८३ सालीं फ्री चर्चनेंहि वाद्यांस मुभा दिली. त्या चर्चचा बहुसंख्य भाग १९०० सालीं दुसऱ्या मंडळीशीं एकरूप झाला. जे अल्पसंख्य वेगळे राहिले ते पुनः वाद्यावांचून गाऊं लागले, आणि त्यांच्याकडे वाद्यांस वाट मोकळी झाली ती २०१० सालीं.

महाराष्ट्रांत प्रश्नाचें रूप पालटलें. इंग्रजी चालींत मराठी शब्द बसवितांना ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण होई, आणि गीत जिभेवर रुळत नसे. १८९५ सालीं ख्रिस्ती झालेले कवि नारायण वामन टिळक ह्यांनीं मराठी वळणाचीं गीतें रचलीं व भजनकीर्तनाचा पुरस्कार केला. येथें वाद असावें कीं नसावें हा नव्हता. कोणत्या सुरांत आपल्या लोकांचा कंठ मोकळा होईल, हा होता.

माझ्या मतें स्कॉटलंडच्या वादांतहि मर्म तेंच होतें. वाद्यास विरोध करणाऱ्यांनीं शास्त्रवचनांचा अर्थ कदाचित्‌ फार संकुचित केला. परंतु सामान्य माणसाचा आवाज हरपूं नये, ही त्यांची काळजी खोटी नव्हती. वाद्याच्या साथीनें मागच्या बांकावरील म्हातारी अधिक धीटपणें गाऊं लागली, तर तें वाद्य उपासनेंत शोभतें. ती गप्प बसून नुसती ऐकूं लागली, तर त्या जुन्या स्कॉच लोकांचें म्हणणें आपण पुनः एकदां शांतपणें ऐकून घ्यावें.