सर्व्हरचा टायमर उशिरा का वाजतो? पेठच्या पावसावरून समजून घ्या स्ट्रीम प्रोसेसिंग

नाशिक जिल्ह्यातील पेठ हा सह्याद्रीच्या डोंगररांगांतला, गुजरातच्या सीमेला लागून असलेला आदिवासीबहुल तालुका. भात, नागली, वरई ही इथली मुख्य पावसाळी पिके. राज्यात महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर त्याची नोंद अतिवृष्टी म्हणून होते आणि पीक नुकसानीच्या मदतीसाठी ती महत्त्वाची ठरते. म्हणजे पाऊस किती पडला याइतकेच तो कोणत्या 24 तासांत मोजला गेला, हेही महत्त्वाचे.

हा पाऊस मोजण्यासाठी राज्य सरकारने 2017 मध्ये स्कायमेट कंपनीसोबत ‘महावेध’ प्रकल्प सुरू केला. त्यातून महसूल मंडळांत 2 हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. दर 10 मिनिटांनी एक नोंद धरली, तर एका केंद्राच्या दिवसाला 144 आणि 2 हजार केंद्रांच्या 2 लाख 88 हजार नोंदी होतात. अशी सतत वाहत येणारी माहिती आली तशी हिशेबात घेण्याच्या पद्धतीला ‘स्ट्रीम प्रोसेसिंग’ म्हणतात. ‘अपाचे फ्लिंक’ हे त्यासाठीचे प्रसिद्ध मुक्त सॉफ्टवेअर. पेठचे केंद्र आणि फ्लिंक यांची जोडी इथे केवळ उदाहरणादाखल घेतली आहे.

दोन घड्याळे

अशा प्रणालीत प्रत्येक नोंदीला दोन वेळा असतात. पाऊस प्रत्यक्ष पडला ती घटनेची वेळ आणि नोंद सर्व्हरवर हाताळली गेली ती प्रक्रियेची वेळ. नेटवर्क चांगले असेल तर दोन्हींत काही सेकंदांचाच फरक असतो. डोंगराळ भागात मुसळधार पावसात वीज किंवा मोबाइल नेटवर्क गेले, तर तो काही तासांवर जातो.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी 8:30 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 8:30 असा मोजतात. समजा, या काळात एका केंद्रावर 66 मिलीमीटर पाऊस झाला. त्यातल्या पहाटेच्या 12 मिलीमीटरच्या नोंदी नेटवर्क नसल्याने सकाळी 10 वाजता पोहोचल्या. सर्व्हरने स्वतःच्या घड्याळाप्रमाणे 8:30 ला हिशेब बंद केला, तर बेरीज 54 भरेल आणि उरलेले 12 दुसऱ्या दिवसात जातील. पाऊस तेवढाच पडला, पण तो अतिवृष्टीच्या निकषात बसणार नाही.

वॉटरमार्क म्हणजे काय?

यावर उपाय म्हणजे घटनेच्या वेळेवर चालणारा टायमर. हिशेब कधी बंद करायचा हे त्याला ‘वॉटरमार्क’ सांगतो. ‘या वेळेपर्यंतच्या नोंदी आल्या आहेत असे समजा’ एवढाच या खुणेचा अर्थ. वॉटरमार्क 8:30 च्या पुढे गेला की टायमर वाजतो आणि बेरीज जाहीर होते.

उशिराचे पहिले कारण इथेच आहे. माहिती अनेक स्रोतांकडून येत असेल, तर प्रणाली त्यातला सर्वांत मागचा वॉटरमार्क धरते. एक स्रोत गप्प झाला, तर बाकी सगळ्यांच्या नोंदी वेळेवर येऊनही पुढचे टायमर अडकून राहतात. अशा वेळी सर्व्हर वाढवून काही उपयोग होत नाही, कारण काम जास्त नसतेच. प्रणाली फक्त वाट पाहत असते.

म्हणून ठरावीक काळ गप्प असलेल्या स्रोताला ‘निष्क्रिय’ धरण्याची सोय फ्लिंकमध्ये आहे. मग इतरांचे हिशेब पुढे सरकतात. निष्क्रिय स्रोताच्या नोंदी नंतर आल्या, तर त्या टाकून न देता उशिराची मुदत ठेवून बेरीज सुधारता येते किंवा वेगळ्या प्रवाहात साठवता येतात.

थ्रूपुट का घसरतो?

ठरावीक वेळात किती नोंदी हातावेगळ्या होतात, त्या मापाला थ्रूपुट म्हणतात. फ्लिंकमध्ये नवी नोंद हाताळणे आणि टायमरचे काम ही दोन्ही एकाच धाग्यावर, म्हणजे एकाच रांगेत चालतात. एकाच आकड्यावर दोघांनी एकाच वेळी हात घालून हिशेब बिघडू नये, म्हणून ही रचना आहे.

त्याची किंमतही मोजावी लागते. एका धाग्यावर 8:30 चे 1 लाख टायमर लावलेले असतील आणि प्रत्येकाला 2 मिलिसेकंद लागत असतील, तर ते संपायला 200 सेकंद लागतात. तोवर नव्या नोंदी थांबतात आणि हा तुंबारा मागे मागे पोहोचतो. त्याला ‘बॅकप्रेशर’ म्हणतात. टायमरच्या कामात संथ डेटाबेसला विचारणा होत असेल, तर कोंडी आणखी वाढते.

पावसाच्या 2 हजार केंद्रांचा भार तसा किरकोळ आहे. यूपीआयवर मात्र रोज 60 कोटींहून अधिक व्यवहार होतात, म्हणजे सेकंदाला सरासरी सुमारे 7 हजार. इतक्या मोठ्या प्रवाहात प्रत्येक व्यवहारामागे एक टायमर लावला, तर त्यांची संख्या आणि साठवण हाच वेगळा प्रश्न होतो. टायमर मेमरीत ठेवले तर काम जलद होते, पण जागा मर्यादित असते. डिस्कवर जास्त मावतात, पण वेग कमी होतो.

उपाय काय?

- टायमरची वेळ जवळच्या सेकंदाला किंवा मिनिटाला जुळवावी. एकाच केंद्राचे एकाच वेळेचे अनेक टायमर मग एकच धरले जातात.
- वेगवेगळ्या केंद्रांचे टायमर एकाच क्षणी वाजत असतील आणि थोडा उशीर चालणार असेल, तर ते काही सेकंदांत विखरून लावावेत.
- टायमरच्या आत संथ काम ठेवू नये. बाहेरची विचारणा वेगळ्या टप्प्यात करावी.
- काम खरेच जास्त असेल, तरच समांतर धागे वाढवावेत.

टायमर उशिरा वाजला की आधी दोन आकडे पाहावेत: वॉटरमार्क किती मागे आहे आणि धागा किती व्यस्त आहे. वॉटरमार्क मागे आणि धागा रिकामा असेल, तर एखादा स्रोत गप्प आहे. धागा पूर्ण व्यस्त असेल, तर काम जड झाले आहे.

किती वाट पाहायची, हा निर्णय मात्र सॉफ्टवेअर घेत नाही. मुदत कमी ठेवली तर अहवाल लवकर येतो, पण दुर्गम भागातल्या नोंदी सुटू शकतात; वाढवली तर सगळ्यांचाच आकडा उशिरा येतो. ज्या आकड्यावर शेतकऱ्याची मदत ठरते, तिथे आधी तात्पुरता आकडा देऊन उशिराच्या नोंदी आल्यावर तो सुधारणे हा जास्त सुरक्षित मार्ग आहे.