परभणी परिसरातील कोतवाल पक्षी : घरट्याचे रक्षण आणि नावाचा इतिहास

गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांत वसलेला परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राजवटीच्या खुणा महसुली शब्दांत व इमारतींत शोधल्या जातात. शेताच्या बांधावरील एका काळ्या पक्ष्याच्या नावाकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष सहसा जात नाही. दुभंगलेल्या लांब शेपटीच्या या पक्ष्यास मराठीत कोतवाल म्हणतात. हा शब्द फारसीमार्गे प्रशासनात रूढ झाला. त्याचे मूळ ‘कोट्टपाल’, म्हणजे कोटाचा रक्षक, असे मानले जाते. संस्थानी काळात हैदराबाद शहराचा पोलीसप्रमुख कोतवालच म्हणविला जाई.

पक्ष्यास हे नाव साजते ते विणीच्या हंगामात. साधारणतः एप्रिल ते ऑगस्ट या काळात फांदीच्या दुबेळक्यात, कोळ्याच्या जाळ्यांनी सांधलेले त्याचे उथळ घरटे असते. कावळा, शिक्रा वा घार जवळ येताच नर-मादी आपल्याहून कितीतरी मोठ्या शत्रूवर झेपावतात आणि त्यास दूर पिटाळतात. हळद्या, होला, बुलबुल हे सौम्य पक्षी त्याच झाडावर वा आसपास घरटी करतात व या पहाऱ्याचा लाभ घेतात. लोकांना त्याला भांडखोर म्हणता आले असते. त्यांनी कोतवाल म्हटले.

टिटवीची रीत निराळी. उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये ती बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीशी मिळता, आणि आरडाओरड करून शत्रूचे लक्ष दुसरीकडे वळविणे हेच तिचे शस्त्र. पंचतंत्रात अंड्यांसाठी समुद्राशी वैर मांडणारे टिट्टिभ दांपत्य याच पक्ष्याचे.

शास्त्रीय नोंदी पुष्कळ उशिरा आल्या. डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पक्षिसर्वेक्षण केले. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नमुने जमविणे व पक्ष्यांचा प्रसार निश्चित करणे हा त्याचा मुख्य हेतू असल्याने वर्तनास तेथे दुय्यम स्थान मिळणे स्वाभाविक होते. तत्पूर्वी १९२० मध्ये इंग्लंडमध्ये एलियट हॉवर्ड यांनी पक्ष्यांच्या स्वक्षेत्राची कल्पना ग्रंथरूपाने मांडली होती : नर आपल्याच जातीच्या नरास हद्दीबाहेर ठेवतो. लोकनामात ही दुसरी बाजू नाही. कोतवाल हे नाव परक्यांविरुद्धचा पहारा सांगते; सजातीयांशी चालणारा हद्दीचा तंटा त्यात येत नाही. लोकज्ञानाचा गौरव करताना ही मर्यादा नजरेआड करणे योग्य नव्हे.

परभणीस १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. हरभऱ्यावरील घाटे अळीच्या नियंत्रणासाठी शेतात पक्षीथांबे उभारण्याची शिफारस आता शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे, आणि त्या काठीवर कोतवाल येऊन बसतोही. परंतु हरभरा रब्बीचा. पीक निघाले की काठीही निघते. वीण सुरू होते ती त्यानंतर, उन्हाळ्यात, आणि घरट्यासाठी बांधावर लिंब वा बाभूळ उभी असावी लागते.