पडद्यामागचे चित्रकार

गेल्या महिन्यात तळोद्याला घरी गेलो, तेव्हा हॉलसाठी नवे पडदे घेऊन गेलो होतो. पुण्यातल्या एका मॉलमधले. राखाडी कापडावर काळे-पिवळे चौकोन, मध्येच एक लाल वर्तुळ. पाकिटावर 'म्युझियम कलेक्शन' असं झोकात लिहिलेलं. किंमत आईला निम्मीच सांगितली (अनुभवातून आलेलं शहाणपण!). तिने पडदा उलटा करून आधी शिवण पाहिली आणि मग विचारलं, "यामा काय शे?"

"मॉडर्न आर्ट शे."

आईने पलंगावरची गोधडी उचलून पुढे धरली. "मंग हाई काय शे?"

आता काय बोलणार? म्हणून गेले दोन वीकेंड वाचण्यात घालवले. जे सापडलं ते भन्नाट आहे.

चौकोन-वर्तुळांची ही चित्रभाषा कापडावर आणण्यात मोठा वाटा जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेचा. शाळा १९१९ ची, विचार एकदम पुढारलेले. पण मुली आल्या की त्यांना बहुतेक वेळा विणकाम विभागातच पाठवायचे. त्या मुलींनी तिथेच कमाल केली. त्यांच्यापैकी अ‍ॅनी आल्बर्सच्या विणकामाचं प्रदर्शन १९४९ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे 'मोमा'त, भरलं. एका विणकर कलावतीचं तिथलं ते पहिलंच स्वतंत्र प्रदर्शन.

त्याच मोमात १९५५ साली भारतीय वस्त्रांचं मोठं प्रदर्शन झालं. अलेक्झांडर जिरार्ड या डिझायनरने दालनात चक्क एक बाजार उभा केला होता, मध्ये पाण्याचा हौद आणि वर टांगलेल्या साड्या. 'पथेर पांचाली' पहिल्यांदा दाखवला गेला तो याच निमित्ताने! (मला हे अजिबात माहीत नव्हतं.) या प्रदर्शनामागे भारताकडून होत्या पुपुल जयकर.

आता खरी गोष्ट. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे हातमाग टिकायचा, तर विणकराला नवी डिझाइन्स हवीत. म्हणून १९५० च्या दशकात सरकारने विणकर सेवा केंद्रं काढली. जयकरबाईंनी तिथे नोकरीला कोण आणावं? चित्रकार! के. जी. सुब्रमण्यन १९५९ ते ६१ मुंबईत हातमाग मंडळाच्या डिझाइन विभागात होते. आपल्या अकोल्याचे अंबादास याच केंद्रांत काम करत. आणि नागावचे प्रभाकर बरवे १९६१ च्या सुमारास लागले, ते पुढे जवळजवळ वीस वर्षं तिथेच. सुरुवातीला बनारसला, मग मुंबईत. बनारसमध्ये त्यांना तंत्रातल्या चिन्हांनी झपाटलं आणि ती त्यांच्या चित्रांत उतरली. 'कोरा कॅनव्हास' लिहिणारे बरवे ते हेच. दिवसा चादरी-पडद्यांची डिझाइन्स, उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं. चित्रं विकली जाण्याचे ते दिवस नव्हते. पगार मात्र दर महिन्याला यायचा. आयटीतल्या लेखक-कवींना हे वेगळं सांगायला नको :)

चित्र कापडावर जातं कसं, हे तर आमच्याच धंद्यातलं निघालं. आधी ग्राफ पेपर. एक चौकोन म्हणजे ताण्याचा आणि बाण्याचा एक छेद. ताणा वर की बाणा वर, हो की नाही. म्हणजे सरळसरळ पिक्सेल! जॅकार्डने १८०४ च्या सुमारास ही माहिती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर घातली आणि पुढे संगणकाने तीच पंचकार्डं उचलली. पण यात एक गोची आहे. ग्राफवर वळणदार रेष काढली की तिच्या पायऱ्या होतात. त्या सुबक दिसतील की ओबडधोबड, हे सूत किती बारीक यावर ठरतं, आणि सुताचं खरं ज्ञान विणकराकडे. म्हणजे चित्रकार एकटा काहीच करू शकत नाही.

आणि इथेच मला अडखळायला झालं. कॅनव्हासच्या कोपऱ्यात सही असते, पडद्याच्या कोपऱ्यात नसते. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे १९११ च्या त्या जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये, २०१९ साली बरव्यांचं मोठं सिंहावलोकन झालं. चित्रं जपली गेली. पण त्या काळचे पडदे? वापरले, विटले, कुठे कुठे त्यांची पायपुसणी झाली असतील. डिझाइन करणाऱ्याचं नाव निदान शोधलं तर सापडतं, विणणाऱ्याचं तेवढंही नाही. २०२० साली अखिल भारतीय हातमाग मंडळही बरखास्त झालं. केंद्रं मात्र आहेत; मुंबईचं ऑपेरा हाउसजवळ आहे.

असो. काल आईला फोन करून गोधडीबद्दल विचारलं. निळं आजीचं लुगडं, पट्ट्यापट्ट्यांचा बाबांचा शर्ट, मधला लाल चौकोन आत्याच्या परकराचा. टाके कोणी घातले? अर्धे आजीने. आणि बाकीचे?

"धडगावकडची एक बाई यायची कामाला. तिचा हात फार बारीक होता. तो लाल चौकोन मधोमध तिनेच लावला." मग बराच वेळ फोनवर शांतता. "नाव आठवत नाही रे."

आठवलं की कळव, म्हटलंय. पडदे लागलेत, छान दिसतात म्हणे.